पोटाचे डायलिसिस आणि हाडांचा हिशेब

पोटाचे डायलिसिस करणाऱ्या रुग्णाच्या हाती रिपोर्ट पडला की नजर आधी क्रिएटिनीनवर जाते, मग हिमोग्लोबिनवर, मग पोटॅशियमवर. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पीटीएच या चार ओळी वाचायच्या राहून जातात, कारण त्या बिघडल्या तरी सुरुवातीला काहीच दुखत नाही. अंगाला खाज सुटते, ती कोरड्या त्वचेच्या नावावर जमा होते. मांड्यांत जोर राहत नाही, तो अशक्तपणा म्हणून सोडून दिला जातो. मग एक दिवस किरकोळ पडण्याने हाड मोडते, किंवा हृदयाच्या तपासणीत रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साठलेले कॅल्शियम दिसते. तोवर बिघाडाला बरीच वर्षे झालेली असतात.

या बिघाडाला पूर्वी फक्त हाडांचा आजार मानले जाई. २००६ मध्ये ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय मूत्रपिंडविकार संस्थेने त्याची नवी व्याख्या केली. रक्तातील खनिजांची गडबड, हाडांची झीज आणि रक्तवाहिन्यांत साठणारे कॅल्शियम ही एकाच आजाराची तीन अंगे आहेत, असे त्या व्याख्येने सांगितले. या प्रकरणात तिन्ही अंगे पोटाच्या डायलिसिसच्या संदर्भात पाहायची आहेत. सारे विवेचन एका मुद्द्याभोवती फिरते: हाड वाचवायचे म्हणजे त्यात कॅल्शियम भरत राहायचे, ही आपली जुनी समजूत या रुग्णांच्या बाबतीत घातक ठरू शकते.

मूत्रपिंड हाडांसाठी काय करते?

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातले ९९ टक्के हाडांत असते. फॉस्फरसचा साठा साधारण ७०० ग्रॅमचा. त्यातला ८५ टक्के हाडांत. हा साठा एका जागी पडून राहत नाही. हाड कुरतडणाऱ्या पेशी जुना भाग काढतात, हाड रचणाऱ्या पेशी तिथे नवा भरतात. ही उलाढाल आयुष्यभर चालते. रोजच्या चालण्याबसण्यात हाडाला पडणाऱ्या सूक्ष्म भेगा तिच्यामुळेच दुरुस्त होतात.

या उलाढालीवर मूत्रपिंडाचा मोठा ताबा असतो. जादा फॉस्फरस लघवीवाटे बाहेर टाकणे हे त्याचे पहिले काम. रक्तातील आम्लता आवरणे हे दुसरे; आम्लता वाढली तर ती शमवण्यासाठी हाडातले क्षार खर्ची पडतात. तिसरे काम ड जीवनसत्त्वाला कामाला लावण्याचे. उन्हातून किंवा गोळीतून मिळालेले ड जीवनसत्त्व आधी यकृतात बदलते आणि मूत्रपिंडात त्याला अखेरचे, सक्रिय रूप मिळते. हा शेवटचा टप्पा मूत्रपिंडातच पार पडतो, हे केंब्रिजमध्ये फ्रेझर आणि कोडिचेक यांनी १९७० मध्ये दाखवून दिले. ऊन भरपूर घेऊनही मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसात सक्रिय ड जीवनसत्त्व कमी का पडते, याचे उत्तर त्यातून मिळाले.

डायलिसिस यातले पहिले काम अर्धेमुर्धे करते आणि दुसरे बऱ्यापैकी. तिसरे काम ते मुळीच करू शकत नाही.

बिघाडाची साखळी

बिघाड डायलिसिसच्या कितीतरी आधी सुरू होतो. मूत्रपिंड थकू लागले की फॉस्फरस साचण्याची चाहूल हाडातल्या पेशींना लागते आणि त्या ‘एफजीएफ-२३’ नावाचे संप्रेरक सोडतात. ते उरल्यासुरल्या मूत्रपिंडाला जास्त फॉस्फरस बाहेर टाकायला लावते. म्हणूनच रक्तातला फॉस्फरस पुष्कळ काळ ठीक दिसतो. पण हेच संप्रेरक सक्रिय ड जीवनसत्त्वाची निर्मिती दाबते. ड जीवनसत्त्व घटले की आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते आणि रक्तातले कॅल्शियम उतरू लागते. ते सावरायला पॅराथायरॉइड ग्रंथी पुढे येतात.

या ग्रंथी चार, प्रत्येक मसुराच्या दाण्याएवढी, गळ्यात थायरॉइडच्या मागे चिकटलेल्या. त्या प्रथम नजरेस आल्या त्या भारतीय एकशिंगी गेंड्याच्या शरीरात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या अशा एका गेंड्याचे विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन या शरीररचनाशास्त्रज्ञाला १८५० च्या सुमारास एक लहानसा पिवळसर गोळा दिसला. माणसातल्या या ग्रंथींचे वर्णन स्वीडनमधील उप्साला येथील इव्हार सँडस्ट्रॉम याने १८८० मध्ये केले. त्यांचे संप्रेरक म्हणजे रिपोर्टवरचे पीटीएच. ते हाडातून कॅल्शियम काढून रक्तात आणते. थोड्या काळासाठी ही सोय उत्तम आहे. पण मूत्रपिंडाचा आजार वर्षानुवर्षे चालतो, ग्रंथींना सतत चिथावणी मिळत राहते, त्या फुगतात आणि अखेर कोणाचेच ऐकेनाशा होतात. हाडांची उलाढाल बेफाम होते. काढणे जास्त, भरणे कमी आणि तेही विस्कळीत. हाडे दुखतात, ठिसूळ होतात. वाढत्या वयाच्या मुलांत पाय वाकतात, उंची खुंटते.

पोटात काय घडते

१९७६ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन शहरात पोपोविच आणि मॉन्क्रीफ यांनी सतत चालणाऱ्या पोटाच्या डायलिसिसची कल्पना मांडली. त्यानंतर लवकरच टोरांटोमध्ये ओरिओपोलस यांनी काचेच्या बाटल्यांऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या वापरात आणल्या आणि हे उपचार खऱ्या अर्थाने घरी आले. पोटाच्या आत पर्युदर नावाचे पातळ अस्तर असते. कॅथेटरमधून दोन लिटर द्रव पोटात सोडायचा, काही तास ठेवायचा आणि काढून टाकायचा. दिवसातून चार वेळा बॅग बदलायची. अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्यांतून नको असलेली द्रव्ये त्या द्रवात उतरतात.

फॉस्फरसचा हिशेब इथे मांडून पाहण्यासारखा आहे. या रुग्णाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, कारण रोज ५ ते १० ग्रॅम प्रथिने काढलेल्या द्रवातून वाहून जातात. ६० किलोच्या माणसाला म्हणजे साधारण ६५ ग्रॅम. अन्नातल्या प्रत्येक ग्रॅम प्रथिनामागे १२ ते १६ मिलिग्रॅम फॉस्फरस येतो. म्हणजे रोज सुमारे ९०० मिलिग्रॅम पोटात गेला. त्यातला साधारण ६० टक्के, म्हणजे साडेपाचशे मिलिग्रॅमच्या आसपास, रक्तात शोषला जातो. आता बाहेर किती जातो ते पाहू. चार बॅगांचा आणि शरीरातून ओढलेल्या पाण्याचा मिळून दिवसाला नऊ लिटर द्रव निघतो. रक्तात फॉस्फरस ५ असेल तर त्या द्रवातून जेमतेम ३०० मिलिग्रॅम बाहेर पडतो. मागे रोज अडीचशे मिलिग्रॅम उरले. मूत्रपिंडात थोडी ताकद शिल्लक असेल तर त्यातले काही लघवीतून जाते. बाकीचे आतड्यातच अडवण्यासाठी गोळी लागते.

आठवड्यातून तीन वेळा होणाऱ्या रक्ताच्या डायलिसिसमध्ये दर खेपेला आठशे मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस निघतो. आठवड्याची बेरीज केली तर दोन्ही पद्धती जवळपास सारख्या भरतात. फॉस्फरसच्या कणाभोवती पाण्याचे वेष्टन असते, त्यामुळे तो युरियाच्या मानाने सावकाश अस्तर ओलांडतो. द्रव पोटात जितका वेळ राहील तितका तो जास्त निघतो. म्हणूनच रात्री मशीनवर भराभर बॅगा फिरवणाऱ्या रुग्णांना, विशेषतः ज्यांचे अस्तर ‘मंद’ गटातले आहे त्यांना, दिवसाचीही एक लांब बॅग ठेवण्याचा सल्ला दिला जातो. ती कंटाळा येतो म्हणून टाळली तर फॉस्फरसच्या आकड्यात त्याचा परिणाम दिसतो.

पोटाच्या डायलिसिसचे दोन फायदेही इथेच नोंदवायला हवेत. रोजच्या रोज चालत असल्याने आम्लता एकसारखी ताब्यात राहते, आणि मूत्रपिंडाची उरलेली ताकद रक्ताच्या डायलिसिसच्या तुलनेत अधिक काळ टिकते.

पिशवीतले कॅल्शियम

बॅगेतला द्रव बाहेर काढण्याचेच काम करतो असे नाही; तो शरीरात देतोही. सुरुवातीच्या काळात बॅगेत कॅल्शियमचे प्रमाण लिटरला १.७५ मिलिमोल, म्हणजे ७० मिलिग्रॅम ठेवलेले असे. रक्तातले मोकळे, वापरता येण्याजोगे कॅल्शियम लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आसपास असते. साहजिकच कॅल्शियम द्रवातून रक्ताकडे वाहत असे. त्या काळी ते हवेच होते, कारण फॉस्फरस अडवण्यासाठी ॲल्युमिनियमच्या गोळ्या दिल्या जात आणि रुग्णांचे कॅल्शियम कमी असे.

१९७० च्या दशकात डायलिसिसच्या रुग्णांत एक विचित्र स्मृतिभ्रंश आणि मऊ, मोडकी हाडे दिसू लागली. दोन्हींमागे ॲल्युमिनियम होते. काही पाण्यातून आलेले, काही गोळ्यांतून. ॲल्युमिनियम मागे पडले आणि त्याची जागा कॅल्शियम कार्बोनेटने घेतली. आता कॅल्शियम दोन्ही वाटांनी येऊ लागले: तोंडाने गोळीतून आणि पोटातून बॅगेतून. सक्रिय ड जीवनसत्त्वाची गोळी सोबत असली तर आतडेही जास्त कॅल्शियम ओढून घेई. रक्तातले कॅल्शियम चढू लागले, तेव्हा १.२५ मिलिमोलच्या, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम कॅल्शियमच्या बॅगा आल्या. आज १.२५ ते १.५० मिलिमोल ही मर्यादा ‘केडिगो’ सुचवते. बॅगेवर ग्लुकोजचे प्रमाण ठळक छापलेले असते म्हणून सगळे तेवढेच वाचतात. कॅल्शियमचा आकडाही तिथेच असतो. तो एकदा आपल्या डॉक्टरांकडून समजून घ्यावा.

मंदावलेले हाड

जादा कॅल्शियमचे फळ काय मिळाले, ते टोरांटोतल्या संशोधनातून कळले. तिथे डायलिसिसच्या रुग्णांच्या कमरेच्या हाडाचे बारीक तुकडे काढून तपासले गेले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की रक्ताचे डायलिसिस घेणाऱ्यांत बेफाम उलाढालीची हाडे जास्त, तर पोटाचे डायलिसिस घेणाऱ्यांत मंद उलाढालीची हाडे जास्त. वयस्कर आणि मधुमेही रुग्णांत मंद हाडाचे प्रमाण विशेष असते.

मंद हाड म्हणजे जिथे काढणेही थांबले आणि भरणेही. सतत मिळणाऱ्या कॅल्शियममुळे पॅराथायरॉइड ग्रंथी गप्प बसतात, पीटीएच फार खाली जाते आणि हाडाला कामाचा निरोपच येत नाही. सूक्ष्म भेगा दुरुस्त होत नाहीत. शिवाय असे हाड रक्तातले जादा कॅल्शियम सामावूनही घेऊ शकत नाही. थोडे कॅल्शियम वाढले तरी ते रक्तातच राहते आणि दुसरीकडे जागा शोधते. पीटीएच ‘नॉर्मल’ आल्याचा आनंद म्हणूनच डायलिसिसच्या रुग्णाने मानू नये. मूत्रपिंड निकामी झाल्यावर हाड या संप्रेरकाला पुरेसा प्रतिसाद देत नाही, त्यामुळे उलाढाल चालू राहायला ते नेहमीपेक्षा जास्त लागते. प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेच्या दुप्पट ते नऊपट हा पट्टा सर्वसाधारणपणे मान्य आहे. वरची मर्यादा ६५ असेल तर १३० ते ५८५. त्यातही एकाच आकड्यापेक्षा आकडे कोणत्या दिशेने चालले आहेत, हे महत्त्वाचे. १५० वरून सहा महिन्यांत ४५० झालेला पीटीएच पट्ट्यात असूनही लक्ष मागतो.

रक्तवाहिन्यांचे हाड होणे

हाडाने नाकारलेले खनिज रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जाते. हे नळात क्षार साचण्यासारखे असावे असे पूर्वी वाटे. प्रत्यक्षात हे घडवून आणणाऱ्या जिवंत पेशी आहेत. फॉस्फरस चढा राहिला की भिंतीतल्या स्नायूपेशी आपले मूळ रूप सोडून हाड रचणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात आणि स्वतःभोवती खनिज रचतात. रक्तवाहिन्या कडक होतात, हृदयाला दर ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो, हृदयाच्या झडपाही राठ होतात. रक्ताच्या डायलिसिसवरील रुग्णांच्या १९९८ मधील एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात फॉस्फरस ६.५ च्या वर असणाऱ्यांत मृत्यूचा धोका २७ टक्क्यांनी अधिक आढळला होता. डायलिसिसच्या रुग्णांत मृत्यूची सर्वांत मोठी कारणे हृदयाशी निगडित असतात, हे लक्षात घेतले की रिपोर्टवरच्या त्या दुर्लक्षित ओळीचे वजन कळते.

क्वचित, पण फार गंभीर असा एक प्रकार म्हणजे कॅल्सिफिलॅक्सिस. त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या खनिजाने बंद होतात. पोट, मांड्या किंवा पायांवर जाळीदार जांभळट चट्टे उठतात, तिथे असह्य वेदना होतात आणि पुढे जखमा पडतात. मधुमेह, स्थूलता, स्त्री असणे, वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध आणि पोटाचे डायलिसिस यांची गणना त्याच्या जोखमींमध्ये होते. असे चट्टे दिसले तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नये. त्याच दिवशी नेफ्रॉलॉजिस्टला दाखवावे.

ताटातला फॉस्फरस

आपल्याकडे कोणी आजारी पडले, हाडे दुखू लागली की नातेवाईक मायेने नाचणीचे सत्त्व, दूध, डिंकाचे लाडू घेऊन येतात. निरोगी माणसासाठी हे उत्तम आहे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. पण डायलिसिसच्या रुग्णात दूध, खवा, पनीर, सुका मेवा यांतून फॉस्फरसही तितक्याच जोमाने येतो. कोकणात सुकट किंवा बारीक सुकी मासळी काट्यांसकट खाल्ली जाते. तो काटा म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरसच. अशा वेळी ताजी मासळी काटे काढून खाणे बरे.

फॉस्फरस कमी करायचा म्हणून प्रथिनेच तोडली तर मात्र रुग्ण खंगतो, आणि खंगलेला रुग्ण जंतुसंसर्गापुढे टिकत नाही. वाट मध्ये आहे. अंड्याचा पांढरा भाग हा या रुग्णांचा मोठा आधार: त्यात प्रथिने भरपूर आणि एका ग्रॅम प्रथिनामागे फॉस्फरस दोन मिलिग्रॅमहूनही कमी. पिवळ्या बलकात तो एकवटलेला असतो. शाकाहारी रुग्णालाही निराश व्हायचे कारण नाही. डाळी, कडधान्ये आणि भाकरीतला फॉस्फरस बराचसा फायटेटच्या रूपात असतो आणि माणसाच्या आतड्याला तो पुरता सोडवता येत नाही, त्यामुळे कागदावर दिसतो त्याहून कमी शोषला जातो. कडधान्ये भिजवून ते पाणी टाकले, नव्या पाण्यात उकडून तेही टाकले तर प्रमाण आणखी घटते.

सर्वांत घातक फॉस्फरस कारखान्यातून येतो. टिकाऊपणासाठी, चकाकीसाठी, फुगवण्यासाठी घातलेले फॉस्फेट ९० टक्क्यांहून अधिक शोषले जाते. कोलापेये, प्रोसेस्ड चीज, सॉसेज, नगेट्स, बेकिंग पावडरवर फुगवलेले केक यांत ते असते. पाकिटावर फॉस्फरस किती हे बहुधा छापलेले नसते, पण घटकांच्या यादीत क्रमांक असतात. ३३८, ३३९, ३४०, ३४१, ४५०, ४५१ आणि ४५२ हे सारे फॉस्फेटचे क्रमांक. हे सात आकडे कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवून ठेवावेत.

गोळी कधी, कोणती

फॉस्फरस अडवणारी गोळी अन्नात मिसळली तरच काम करते. कॅल्शियम कार्बोनेट किंवा ॲसिटेटची गोळी जेवणासोबत घेतली तर ती फॉस्फरसला बांधते आणि दोन्ही शौचावाटे जातात. तीच गोळी उपाशीपोटी घेतली तर कॅल्शियम रक्तात जाते आणि फॉस्फरस तसाच राहतो. म्हणजे हवे ते झाले नाही आणि नको ते झाले. म्हणून ‘दिवसातून तीन’ असे लक्षात ठेवण्यापेक्षा ‘जेवणाच्या घासांबरोबर’ असे लक्षात ठेवावे. ज्या वेळी खाणे नाही त्या वेळी गोळी नाही. एक गोळी थोडाच फॉस्फरस अडवते, त्यामुळे जड जेवणाला जास्त आणि हलक्या जेवणाला कमी, असे वाटप डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्याकडून ठरवून घ्यावे.

‘केडिगो’ने २०१७ च्या सुधारित शिफारशींत कॅल्शियमयुक्त गोळ्यांची मात्रा मर्यादित ठेवायला सांगितले. सेवेलामर, लँथॅनम आणि लोहयुक्त गोळ्या हे कॅल्शियमविरहित पर्याय आहेत. त्यांचा खर्च जास्त, पण कॅल्शियम आधीच चढे असेल, पीटीएच खाली असेल किंवा रक्तवाहिन्यांत कॅल्शियम दिसले असेल तर तो खर्च सार्थकी लागतो. पीटीएच फार वाढले तर सक्रिय ड जीवनसत्त्व किंवा सिनाकॅल्सेट दिले जाते, आणि औषधांना न जुमानणाऱ्या ग्रंथी शस्त्रक्रियेने काढाव्या लागतात. साधे ड जीवनसत्त्वही या रुग्णांत कमी असते, कारण त्याला वाहून नेणारे प्रथिन बॅगेतून गळते. ते तपासून भरून काढता येते.

दोन धोके घरातच असतात. एक बद्धकोष्ठ. त्याने कॅथेटरमधून द्रव नीट निघत नाही, आणि फॉस्फरसच्या काही गोळ्यांनी ते वाढतेही. अशा वेळी दुकानातून आणलेला फॉस्फेटचा एनिमा किंवा रेचक कधीही घेऊ नये. फॉस्फरसचा मोठा डोस एका झटक्यात शरीरात जातो. लॅक्ट्युलोजसारखे औषध डॉक्टर देतात. दुसरा धोका अंगदुखीच्या गोळ्यांचा. हाडे दुखतात म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेत राहिल्यास मूत्रपिंडाची उरलेली ताकद जाते, आणि त्या ताकदीबरोबर रोज लघवीतून जाणारा फॉस्फरसही अडकतो.

पोटाच्या डायलिसिसमध्ये नर्स महिन्यातून एखाद्या वेळी भेटते. बाकीचे दिवस रुग्ण आणि घरची माणसेच सारे पाहतात. म्हणून ज्यांच्या घरी बॅग बदलली जाते त्या प्रत्येकाला एक विनंती. एक वही करा. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, पीटीएच आणि चोवीस तासांची लघवी यांचे आकडे तारखेसह एकाखाली एक लिहा. बॅगेवरचे कॅल्शियमचे प्रमाण आणि जेवणासोबतच्या गोळ्यांची संख्या त्याच पानावर नोंदवा. प्रत्येक भेटीत ते पान डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा: माझे हाड धावते आहे की थांबले आहे? या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत स्वतःच्या मनाने कॅल्शियमची एकही गोळी वाढवू नका आणि सांगितलेली एकही गोळी बंद करू नका.